मांडव, जत्रा आणि कॉपीराइट

३० जानेवारी २०२४ रोजी गोवा सरकारच्या गृह खात्याने एक परिपत्रक काढले. लग्नकार्यात वाजणाऱ्या गाण्यांसाठी हॉटेलांनी किंवा कॉपीराइट संस्थांनी कोणाकडेही परवाना वा स्वामित्वधन मागू नये, आणि तशी तक्रार आली तर पोलिसांनी दखल घ्यावी, असा त्याचा आशय होता. साडेसहा महिन्यांनी, १३ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. न्यायालयात गेल्या होत्या फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड म्हणजे पीपीएल आणि सोनोटेक कॅसेट्स या कंपन्या. न्या. मकरंद कर्णिक आणि न्या. वाल्मिकी मिनेझिस यांच्या खंडपीठाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की संसदेने केलेल्या कायद्यातल्या अपवादाची व्याप्ती राज्य सरकारच्या खात्याला परिपत्रकाने वाढवता येत नाही.

निकाल एका परिपत्रकापुरता असला तरी भांडण जुने आहे आणि त्याला पैलू बरेच आहेत. मनोरंजन उद्योग गेली काही वर्षे कॉपीराइटची अंमलबजावणी कडक व्हावी म्हणून सरकारदरबारी, पोलिसांत आणि न्यायालयांत नेटाने प्रयत्न करतो आहे. त्या प्रयत्नांचा परिणाम सर्वांत जवळून दिसतो तो गोव्यासारख्या ठिकाणी, कारण गाणेबजावणे हा इथला धर्मही आहे आणि धंदाही. एकट्या पेडणे तालुक्यात दोन्ही टोके सापडतात. एका बाजूला मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमलची किनारपट्टी, जिथे जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून बाहेरगावच्या लग्नांना यायला वाट आणखी सोपी झाली. दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या आतल्या गावांतली देवळे, जिथे जत्रेच्या रात्री सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळे दहीकाला करतात. शेजारच्या डिचोली तालुक्यात नार्व्याचे सप्तकोटेश्वर, शिरगावची लईराई, साखळीचे रवींद्र भवन अशी सगळी परंपरा नांदते. कायदा या सर्वांना एकच आहे. पोचतो मात्र तो वेगवेगळ्या रूपात.

आधी लग्नाचा मुद्दा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ म्हणजे अपवादांची यादी. त्यातल्या एका पोटकलमानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, तसेच केंद्र, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात गाणे वाजवले तर तो हक्कभंग ठरत नाही. या धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे धरावेत, असे स्पष्टीकरणही तिथेच दिले आहे. वाचायला सोपे आहे. अडचण पुढे येते. पंचतारांकित हॉटेलात तीन दिवस चालणारे लग्न, त्यातला संगीत सोहळा, समुद्रकाठची कॉकटेल पार्टी, पहाटेपर्यंतचा डीजे यांतले नेमके काय लग्नाशी निगडित आणि काय निव्वळ मनोरंजनाचा व्यवसाय?

केंद्राच्या उद्योग संवर्धन खात्याने ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर सूचना काढून लग्नाला परवाना लागत नाही असे सांगितले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती रद्द केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात पीपीएल विरुद्ध लुकपार्ट एक्झिबिशन्स हा खटला उभा राहिला. प्रश्नाचे महत्त्व ओळखून न्यायालयाने डॉ. अरुल जॉर्ज स्कारिया या अभ्यासकाचे साहाय्य घेतले, पण पक्षकारांनी आपसात मिटवल्यामुळे अंतिम उत्तर मिळालेच नाही. जुलै २०२३ मध्ये खात्याने पुन्हा सूचना काढली. गोव्याचे परिपत्रक त्याच सूचनेच्या आधारावर उभे होते. म्हणजे पाच वर्षांत दोन सूचना, एक परिपत्रक आणि तीन उच्च न्यायालये एवढे होऊनही मोरजीच्या हॉटेलवाल्याला लग्नाच्या आदल्या दिवशी परवाना घ्यावा की नको, याचे खात्रीचे उत्तर देणारा कोणी नाही.

मग तो करतो काय? ग्राहकाच्या करारात एक ओळ घालतो, की संगीताचा परवाना काढण्याची जबाबदारी यजमानाची. यजमान ती इव्हेंट मॅनेजरवर ढकलतो, इव्हेंट मॅनेजर डीजेवर. डीजे बहुधा स्थानिक मुलगा असतो. ध्वनियंत्रणा कर्जावर घेतलेली, एका रात्रीचे पैसे ठरलेले. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते, सामान जप्त करता येते. कडक अंमलबजावणी हे शब्द दिल्लीच्या परिषदेत ऐकताना एक वाटतात. जप्त झालेल्या स्पीकरचे हप्ते भरणाऱ्या मुलाला ते वेगळे कळतात.

तरीही गाण्याचे पैसे मागणे हे काही लुबाडणे नव्हे. ही मागणी कुठून आली ते पाहिले तर तिच्यामागचा न्याय लगेच पटतो. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत काही संगीतकार बसले होते आणि तिथे त्यांचीच गाणी चालली होती. आमच्या गाण्याचे पैसे तुम्ही देत नसाल तर तुमच्या पेयांचे पैसे आम्हीही देणार नाही, असे त्यांनी मालकाला सुनावले. प्रकरण न्यायालयात गेले, संगीतकार जिंकले आणि १८५१ मध्ये सासेम ही त्यांची वसुली संस्था उभी राहिली. आज जगभर ज्या संस्था हॉटेलांकडून, रेडिओकडून, सभागृहांकडून स्वामित्वधन गोळा करतात त्यांचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडे ही लढाई ज्यांनी आधी छेडली त्यांत गोव्याशी रक्ताचे नाते असलेले नाव आहे. मास्टर दीनानाथ मंगेशीचे. त्यांच्या कन्येने, लता मंगेशकरांनी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पार्श्वगायकांनाही स्वामित्वधनातला वाटा मिळावा अशी मागणी लावून धरली. मोहम्मद रफींचे मत वेगळे होते: गाण्याचे मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपला. या मतभेदातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले होते. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल दिला. त्याच निकालाला न्या. कृष्णा अय्यर यांनी स्वतंत्र टीप जोडली आणि कलावंतांना कायदा न्याय देत नसल्याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेने ऐकले ते पस्तीस वर्षांनी. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा कोणत्याही कराराने हिरावून घेता येणार नाही असे ठरवले आणि गायक-वादकांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरालाही स्वामित्वधन लागू केले. त्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत आणि बाहेर जावेद अख्तर झटले. गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा दबावगटही कायदा बदलू शकतो, याचे हे ठळक उदाहरण.

म्हणून प्रश्न पैसे द्यावेत की नाही हा नाहीच. कोणाला, किती, कोणत्या पावतीवर आणि पुढे ते पोचतात कोणापर्यंत, हा आहे.

एका गाण्याचे हक्क अनेक थरांचे असतात. शब्द आणि चाल यांचे स्वामित्वधन आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था गोळा करते. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपन्यांचा. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या वतीने पीपीएल परवाने देते, काहींच्या वतीने नोव्हेक्स. आरएमपीएल ही ध्वनिमुद्रणांसाठी रीतसर नोंदणी झालेली वेगळी संस्था आहे. गायकांसाठी आणखी एक. हरमलच्या एखाद्या उपाहारगृहाला रात्रभर मिसळून गाणी वाजवायची तर एकापेक्षा जास्त दारे ठोठावावी लागतात.

त्यातला कळीचा वाद नोंदणीचा आहे. कायद्याच्या कलम ३३ नुसार परवाने देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेने करायचा. अशा संस्थेला दरपत्रक जाहीर करावे लागते, ज्याला दर मान्य नाही त्याला दाद मागता येते, सभासदांना हिशेब द्यावा लागतो. पीपीएल पूर्वी अशी संस्था होती; २०१२ नंतरच्या व्यवस्थेत ती तशी राहिली नाही. आपण कंपन्यांकडून हक्क लिहून घेतले आहेत, तेव्हा मालक या नात्याने परवाने देऊ शकतो, अशी तिची भूमिका आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोव्हेक्सच्या बाबतीत उलट मत दिले होते. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अझुर हॉस्पिटॅलिटीच्या प्रकरणात, नोंदणीशिवाय असे परवाने देता येत नाहीत असे म्हणून आरएमपीएलच्या दराने पैसे भरण्याचा निर्देश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निर्देशाला स्थगिती दिली. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, चेन्नईत एक उत्तर आणि पणजीत दुसरे अशी ही स्थिती आहे.

उद्योगाने अंमलबजावणीचा आग्रह धरावा, तो त्याचा हक्क आहे. पण पैसे घेणाऱ्याचा हिशेब उघडा असला पाहिजे हा आग्रह तितकाच कडक का नसावा? वसुली मालक म्हणून आणि व्याप संस्थेचा, ही दुहेरी सोय कायम ठेवून फक्त पैसे देणाऱ्यावर पोलीस सोडायचे, हे न्यायाला धरून नाही.

चित्रपटसृष्टीचे दुखणे वेगळे आहे आणि तिथे नुकसान खरोखर मोठे आहे. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट उद्योगाची संघटना यांच्या ऑक्टोबर २०२४ मधील अहवालाने २०२३ या वर्षातला पायरसीचा व्यवहार २२,४०० कोटी रुपयांचा असल्याचा अंदाज मांडला. हा उद्योगाच्या बाजूने आलेला आकडा आहे हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पण ‘सैराट’ २०१६ मध्ये थिएटरांत गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाइलवर फिरली, हे मराठी प्रेक्षकाने स्वतः पाहिले आहे. महाराष्ट्राने २००९ मध्येच झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना आणून बसवले. २०१७ मध्ये महाराष्ट्र सायबरकडे उद्योगाच्या सहकार्याने डिजिटल पायरसीविरोधी पथक आले. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला: थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पायरसीच्या तक्रारींसाठी केंद्राने बारा नोडल अधिकारी नेमले. ज्या महिन्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी देशभरची चित्रपटसृष्टी पणजीत येते, त्याच महिन्यात हे झाले.

न्यायालये मात्र इथेही हात आखडता घ्यायला सांगतात. २०१६ मध्ये ‘डिशूम’ चित्रपटाच्या निमित्ताने न्या. गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला आणि नेमकी पाने, नेमके पुरावे आणायला लावले. चोराला पकडताना वाटसरू भरडला जाऊ नये याची ती काळजी होती, आणि पुढच्या आदेशांना तीच कसोटी लागायला हवी.

या सगळ्या गदारोळात ज्यांचे नावच निघत नाही, ते पेडण्याच्या देवळांपुढे भेटतात. दहीकाल्याची रात्र. मृदंग, झांज आणि पायपेटी. रंगमंचावर एक बाकडे, तेच सिंहासन आणि तेच रथ. आधी गणपती, मग रिद्धी-सिद्धी, भटजी, वेद चोरणारा संकासुर असा पूर्वरंग, त्यानंतर आख्यान. संहिता लिहिलेली नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरते आणि संवाद नट जागेवर रचतात. राजपार्ट करणारा नट पहाटेपर्यंत जे बोलतो, गातो, ते त्या रात्रीपुरते असते. आणि समोर, प्रेक्षकांच्या पुढच्या रांगेत, तिपाईवर तीन-चार मोबाइल. दुसऱ्या दिवशी आख्यान यूट्यूबवर. जाहिरातीचे पैसे चॅनलवाल्याला. मंडळाला मिळते ती देवस्थानाने दिलेली रात्रीची बिदागी.

अनेकांना वाटते, लिहिलेले काही नाही तर कॉपीराइट कसला? पण कायदा इथे नटाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षे टिकतो. त्याच्या संमतीशिवाय सादरीकरणाचे चित्रण करणे, त्याच्या प्रती काढणे, ते लोकांपर्यंत पोचवणे हा हक्कभंग आहे. स्वतःसाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा बातमीत छोटा अंश म्हणून वापर चालतो. पूर्ण आख्यान जाहिरातींसह चालवणे त्यात बसत नाही. म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर मोरजीच्या हॉटेलाला नोटीस जाते, त्याच कायद्याने दशावतारी नटालाही तोच दरवाजा उघडला आहे. त्याच्यासाठी आत जाणारा वकील, संस्था, दबावगट नाही, एवढाच फरक.

गोव्याने असे याआधीही सोसले आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचा घाट देणाऱ्यांत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोंयकार अग्रभागी होते. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विसांकडे. पण कायदा गीतकार, संगीतकार, गायक, निर्माता ओळखतो. संगीत संयोजकासाठी त्यात वेगळा रकाना नाही. १९७३ च्या ‘बॉबी’त गोव्याच्या देखणी या प्रकारातले एक प्रसिद्ध नृत्यगीत घराघरात पोचले; नदीपलीकडे लग्नाला निघालेल्या नर्तकीची ती देखणी कार्लोस युजेनियो फरेरा यांची मानली जाते. लोककलेच्या आविष्कारांसाठी देशात वेगळा कायदा नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत याची चर्चा २००० पासून चालू आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हात करार झाला तो जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानापुरता. धालो, जागर, रोमटामेळ या लोककला अजून रांगेतच आहेत.

उत्सवी नाटकांची गोष्ट तुलनेने बरी आहे. जत्रेत गावची मंडळी मराठी नाटक बसवतात, ही गोव्याची शान. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग कलम ५२ मध्ये माफ आहे. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य मुक्त होते. किर्लोस्कर, देवल, गडकरी केव्हाच मुक्त झाले. १९४८ मध्ये निवर्तलेले खाडिलकर २००९ पासून. शिरवाडकर, कानेटकर यांना अजून कित्येक वर्षे आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’चे संगीत मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांचे; ते १९९८ मध्ये गेले, तेव्हा त्या चालींवर २०५८ अखेरपर्यंत हक्क आहे. देवळाच्या मंडपात ‘कट्यार’ करणे कायद्याला मान्य. तोच प्रयोग तिकीट लावून सभागृहात केला किंवा चित्रित करून यूट्यूबवर टाकला, तर परवानगी लागते. ही सीमारेषा साध्या मराठीत आणि कोकणीत छापून प्रत्येक देवस्थान समितीकडे पोचवणे अवघड नाही.

अपवाद म्हणजे उद्योगाची लूट, असा सूर काही वेळा लागतो. अपवादांचा अतिरेक होऊ शकतो हे खरेच आहे. अमेरिकेने छोट्या दुकानांना आणि हॉटेलांना रेडिओ-टीव्हीवरचे संगीत फुकट वाजवण्याची फार मोठी सवलत दिली. आयर्लंडच्या संगीतकारांच्या तक्रारीवरून युरोपने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००० मध्ये ती सवलत आंतरराष्ट्रीय नियमांबाहेरची ठरली. अमेरिकेने ३३ लाख डॉलर भरले, सवलत मात्र ठेवली. तेव्हा सीमा आखावी लागते हे कबूल. ती संसदेने आखावी, खात्याच्या परिपत्रकाने नाही आणि वसुली कंपनीच्या नोटिशीनेही नाही.

आता करायचे काय ते स्पष्ट आहे. लग्नातला कोणता सोहळा माफ आणि कोणता व्यावसायिक, हे संसदेने दुरुस्ती करून लिहावे. गाण्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी, जाहीर दरपत्रक आणि वाटपाचा वार्षिक हिशेब बंधनकारक असावा. एका रात्रीसाठी एकाच खिडकीवर एकच परवाना मिळावा. हॉटेलवाल्यांनी फुकटाचा आग्रह सोडावा. लाखोंच्या लग्नात गीतकार-गायकाचा वाटा जड होण्याचे कारण नाही. आणि गोव्याच्या कला व संस्कृती संचालनालयाने कलाकारांना सन्माननिधी देण्याबरोबर हक्कांची एक खिडकीही उघडावी, जिथे दशावतारी मंडळ, धालोचे पथक, भजनी मंडळ यांना चित्रणाच्या कराराचा छापील नमुना, यूट्यूबवरची चोरी हटवण्यासाठी मदत आणि गरज पडल्यास वकील मिळेल.

तोपर्यंत पेडणे-डिचोलीतल्या मंडळांनी एवढे तरी करावे. जत्रेची सुपारी घेताना चित्रण कोण करणार आणि त्याचे उत्पन्न कसे वाटायचे, हे दोन ओळींत लिहून घ्यावे, त्यावर देवस्थान समितीची सही घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. परवान्याचे पैसे मागायला कोणी आले तर आधी नोंदणी, दरपत्रक आणि गाण्यांची यादी मागावी. सर्व रीतसर असेल तर पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी.